पावसाच्या आदल्या संध्याकाळी चौकीत काय चालतं

प्रश्न: आमची सोसायटी कांदिवली पूर्वेला, पोयसर नदीच्या जवळ आहे. मागे टेकडीच्या उतारावर जुनी चाळ आणि तिला लागून संरक्षक भिंत. यंदा मे महिन्यापासूनच पोलीस इकडे फेऱ्या मारतायत. चाळीत भोंग्यावरून सूचना देऊन गेले, आमच्याकडे एकट्या राहणाऱ्या आणि आजारी रहिवाशांची यादी मागितली. काही सभासदांचं म्हणणं, पोलिसांनी चोऱ्यामाऱ्या बघाव्यात, पावसाचं पालिका बघेल. यादी द्यावी का? मोठा पाऊस किंवा वादळ आलं तर पोलिसांकडून काय अपेक्षा ठेवायची आणि आमच्या बाजूने काय तयारी करायची?

उत्तर:

यादी द्या. कशी द्यायची आणि कुणाच्या हातात द्यायची ते पुढे सांगतो, कारण खरी मेख तिथेच आहे.

माझी बहुतेक नोकरी मुंबईच्या उपनगरांतल्या पोलीस ठाण्यांत गेली. निवृत्त झाल्यापासून सोसायट्यांना आणि चाळ कमिट्यांना पावसाळ्याच्या तयारीत मदत करतो. तुमच्या सभासदांची शंका मला जवळजवळ प्रत्येक बैठकीत ऐकायला मिळते. कागदावर ते चूक नाहीत. नालेसफाई, पंप, धोकादायक इमारतींच्या नोटिसा, झाडांची छाटणी, लोकांची शाळेत सोय, हे सगळं पालिकेचं काम. पण रात्री एक वाजता चाळीच्या तोंडाशी सरकारचा म्हणून जो माणूस उभा असेल, तो बहुधा पोलीसच असेल. ठाणं चोवीस तास उघडं असतं. बीटच्या, म्हणजे ठाण्याच्या हद्दीतला एक तुकडा सांभाळणाऱ्या, हवालदाराला गल्लीबोळ पाठ असतात. रस्ता अडवायचा अधिकार त्याला असतो. आणि मोबाईलचं नेटवर्क गेलं तरी त्याचा वॉकीटॉकी चालू असतो. २६ जुलै २००५ ला मुंबईचे बरेच फोन बंद पडले, तेव्हा कोण कुठे अडकलंय हे कळायला त्याचाच मोठा आधार होता. त्यामुळे जवळची बीट चौकी कुठे आहे हे सोसायटीतल्या प्रत्येक घराला माहीत हवं. फोन लागत नसेल तर एका माणसाने तिथवर चालत जायचं, निरोप पुढे जातो.

मे महिन्यातच फेऱ्या कशाला, असंही तुमच्याकडे कुणी विचारलं असेल. वादळ जूनची वाट पाहत नाही. तौक्ते चक्रीवादळ १७ मे २०२१ ला मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेलं, कुलाब्याला वाऱ्याने ताशी ११४ किलोमीटरचा वेग गाठला होता. १३ मे २०२४ ला घाटकोपरच्या छेडानगरात धुळीच्या वादळात अवाढव्य होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं, १७ जण गेले. २०२५ मध्ये तर मान्सूनच २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला, एरवी त्याची तारीख ११ जून. तेव्हा झाडं, गच्चीवरचे पत्रे, सोलरची पॅनेलं, कुंड्या, एसीचे बाहेरचे युनिट, ही कामं एप्रिलअखेर उरकायची. सोसायटीच्या आवारातलं झाड असलं तरी छाटायला पालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते आणि ती एका दिवसात मिळत नाही. अर्ज मार्चमध्येच टाका.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

मुंबईत भिंती आणि दरडी कोसळल्याच्या मोठ्या घटना आठवून बघा. तुमच्या शेजारच्या कुरारमध्ये, पिंपरीपाड्याला, जलाशयाची संरक्षक भिंत झोपड्यांवर कोसळली ती २ जुलै २०१९ ला मध्यरात्रीनंतर. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ३७५ मिलिमीटर पाऊस झाला होता. तीसच्या आसपास माणसं गेली. १८ जुलै २०२१ ला चेंबूरजवळ माहुलच्या भारतनगरात आणि विक्रोळीच्या सूर्यनगरात तेच झालं, तेही मध्यरात्र उलटल्यावर. तिन्ही ठिकाणी लोक झोपेत होते. अंधारात, वीज गेलेली, पायाखाली चिखलाचा लोंढा, अशा वेळी उतारावरच्या अरुंद जिन्यावरून म्हातारी माणसं आणि तान्ही पोरं खाली आणणं जवळपास अशक्य असतं. हेच काम उजेड असेपर्यंत अर्ध्या तासाचं असतं. म्हणून उतारावरच्या वस्तीसाठी निर्णयाची वेळ संध्याकाळची. रात्री फक्त मदतकार्य होतं, सुटका संध्याकाळीच होते.

रेड अलर्ट आला की ठाण्यात काय हालचाल होते ते सांगतो, म्हणजे तुमच्याकडे येणाऱ्या फेऱ्यांचा अर्थ लागेल. ठाणे अंमलदार स्टेशन डायरीला नोंद घेतो. दिवसपाळीच्या लोकांना थांबवून ठेवतात, कारण स्टाफमधले कितीतरी जण विरार, कल्याण, पनवेलकडून येणारे. लोकल बंद पडल्या तर रात्रपाळी पोहोचणारच नाही. ठाणं सखल भागात असेल तर मुद्देमाल आणि कागदपत्रं वरच्या मजल्यावर जातात. मोबाईल व्हॅनमध्ये दोर, टॉर्च, भोंगा चढतो. पालिकेच्या वॉर्ड ऑफिसला फोन करून रात्रीसाठी कुठली शाळा उघडणार आणि तिची चावी कुणाकडे आहे, ते विचारून घेतात. ही चावीची गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण भर पावसात पन्नास माणसं शाळेच्या फाटकाशी उभी आहेत आणि शिपाई नालासोपाऱ्याला घरी गेलाय, असा प्रसंग एकदा आला की ते पन्नास लोक पुढच्या वेळी घर सोडत नाहीत.

त्यानंतर बीटचा हवालदार वही घेऊन वस्तीत जातो. त्याला तिथे जे ऐकावं लागतं ते भोंग्यावरच्या सूचनेत बसत नाही. एका उतारावरच्या चाळीत एक मावशी दारातच बसून होत्या. मुलगा रात्रपाळीला गेलेला. म्हणाल्या, "मागच्या वेळी शाळेत नेलंत, सकाळी आले तर सिलिंडर गेलेला. आता नाही येणार." आमच्या हवालदाराने वाद घातला नाही. त्याने मावशींच्या समोर गॅस बंद केला, आधार, रेशनकार्ड, लाइटबिल, बँकेचं पासबुक एका प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यांच्याच हातात दिलं. दाराला कुलूप लावायला लावलं आणि चावी त्यांच्या कमरेच्या चंचीत ठेवायला सांगितली. मग गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या शिपायाला हाक मारून मावशींसमोर उभं केलं: "हा पोरगा रात्रभर इथेच आहे. ह्याचं नाव लक्षात ठेवा, काही गेलं तर सकाळी ह्यालाच विचारा." मावशी उठल्या. त्या उठल्या म्हणताच बाजूची चार बिऱ्हाडं निघाली, कारण वयाने त्याच थोर होत्या.

तुमचे सभासद म्हणतात ना, पोलिसांनी चोऱ्या बघाव्यात? माणूस घर सोडत नाही त्याचं पहिलं कारण चोरीची भीती हेच असतं. रिकाम्या चाळीवर गस्त असेल तर चाळ रिकामी होते. त्या रात्री चोरी रोखणं आणि जीव वाचवणं हे एकच काम असतं. तेव्हा चौकीत जाऊन हेच मागा: चाळ खाली केली तर रात्रभर तिथे माणूस राहील का, आणि त्याचं नाव काय. हा तुमचा रास्त हक्क आहे.

दुसरं कारण लोक मोठ्याने बोलत नाहीत. उतारावरच्या झोपडीवाल्याला वाटतं, एकदा बाहेर पडलो की जागा गेली, सकाळी बुलडोझर उभा असेल. ही भीती खोटी आहे असं सांगून भागत नाही. ज्या दिवशी पाऊस आहे त्या दिवशी अतिक्रमणाची भाषा कुणीही काढू नये, पोलिसांनी नाही, पालिकेने नाही आणि तुमच्या सोसायटीनेही नाही. चाळीशी तुमचा वाटेवरून, पाण्यावरून, पार्किंगवरून वाद असेल तर तो पावसाळाभर बाजूला ठेवा.

तिसरं कारण वयात आलेल्या मुली. शाळेच्या एका हॉलमध्ये सगळे पुरुष-बायका एकत्र झोपणार असतील तर आई मुलीला घेऊन धोक्याच्या घरातच राहील. बायकांसाठी वेगळी खोली, कडी लागणारं स्वच्छतागृह आणि महिला शिपाई, या तीन गोष्टी आधी ठरलेल्या असल्या तर हा अडसर राहत नाही. महिला शिपाई मिळेल का हे ठाण्यात मे महिन्यातच विचारून ठेवा.

इथे तुमच्या सोसायटीला एक गोष्ट अगदी मनापासून सुचवतो. तुमच्याकडे सोसायटीचा हॉल असेल, किंवा पहिल्या मजल्यावर कमिटीचं ऑफिस असेल, तर रेड अलर्टच्या रात्री तो चाळीतल्या लोकांसाठी उघडा. शाळा नदीच्या पलीकडे असेल तर पाणी वाढल्यावर तिथे जाताच येणार नाही. तुमचा हॉल हाकेच्या अंतरावर आहे. चाळीतल्या ज्या बायका तुमच्याकडे घरकामाला येतात, जो वॉचमन तुमच्या गेटवर बसतो, त्यांचीच ही घरं आहेत. सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या आणि त्याची प्रत ठाण्यात द्या, म्हणजे ऐन वेळी चावीवरून वाद होणार नाही.

आता यादी. एकच पान पुरे. फ्लॅट नंबर, अंथरुणाला खिळलेलं कोण आहे, डायलिसिसवर कोण, घरी ऑक्सिजन कुणाला लागतो, दिवस भरत आलेली बाई, एकटे राहणारे ज्येष्ठ, आणि ज्यांना नीट ऐकू येत नाही असे. प्रत्येकापुढे एका शेजाऱ्याचं नाव आणि फोन. शेजाऱ्याचं नाव सगळ्यांत महत्त्वाचं, कारण दार तो उघडणार आहे. सोसायटीतली माणसं कोण उचलणार, जिन्यावरून खुर्चीत बसवून कोण खाली आणणार, ही नावंही त्याच पानावर. हे पान व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. कुठल्या घरात एकटी बाई राहते, कुणाचा मुलगा परदेशात आहे, ही माहिती चोराला हवी तशीच असते. एक प्रत सचिवाकडे, एक अध्यक्षांकडे, आणि एक बंद पाकिटात ठाण्यात. ठाण्यात देताना पाकिटावर आवक शिक्का घ्या. साध्या कपड्यात कुणी येऊन यादी मागितली तर ओळखपत्र बघा आणि ठाण्यात फोन लावून खात्री करा. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची १०९० या हेल्पलाइनकडेही नोंद करून ठेवा.

पाऊस किती पडणार याबद्दल दोन शब्द. हवामान खात्याचा अलर्ट जिल्ह्याचा असतो, तुमच्या गल्लीचा नसतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवशी कुलाब्याला ७३ च्या आसपास. पोयसर राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात उगम पावते आणि थोड्याच अंतरात मालाडच्या खाडीला मिळते. डोंगरात धो धो कोसळत असेल तर तुमच्या गच्चीवर रिमझिम असतानाही नदी चढते, आणि चढते ती झपाट्याने. त्यात समुद्राला साडेचार मीटरच्या वरची भरती असेल तर पाण्याला पुढे जायला वाट उरत नाही. मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेली, नंतर ती ५० मिलिमीटरसाठी वाढवायचं काम सुरू झालं. त्यापेक्षा जोरात पडला आणि भरती असली की पाणी साचणारच. तेव्हा रोज सकाळी भरतीची वेळ आणि उंची सोसायटीच्या फळ्यावर लिहायची सवय लावा. नदीकाठच्या पक्क्या भिंतीवर रंगाने दोन खुणा मारा, पिवळी आणि तांबडी. पाणी पिवळीला लागलं की चाळीत निरोप, तांबडीला लागायच्या आत माणसं बाहेर. कुठल्या उंचीवर मारायच्या ते जुन्या रहिवाशांना विचारा, २००५ चं पाणी कुठवर आलं होतं हे त्यांना बोटाने दाखवता येतं.

११२ ला फोन करताना एक लक्षात ठेवा: उचलणारा तुमच्या भागातला असेलच असं नाही. "आमच्याकडे पाणी भरलंय, लवकर या" एवढ्यावर तो काही करू शकत नाही. आधी ठिकाण सांगा, ठळक खुणेसकट. मग काय झालंय, किती माणसं अडकलीत, त्यांत लहान आणि आजारी किती, आणि गाडी कुठल्या बाजूने आत येऊ शकेल. शेवटचं बहुतेक लोक सांगत नाहीत आणि व्हॅन पाण्याच्या चुकीच्या बाजूला येऊन उभी राहते. पाणी तुंबलं, झाड पडलं, मॅनहोल उघडं आहे, यासाठी पालिकेचा १९१६. आग किंवा ढिगारा असेल तर अग्निशमन दल १०१, रुग्णवाहिका १०८. रेल्वे स्टेशनातल्या गर्दीचं काम लोहमार्ग पोलिसांचं, सबवे आणि हायवेचं वाहतूक शाखेचं. कुणाला फोन करायचा हे सुचत नसेल तर ११२ लावा.

पोलीस किती वेळात येतील? ढगफुटीसारखा पाऊस असेल तर पहिले दोन-तीन तास कुणीच येणार नाही, असं धरूनच तयारी करा. ठाण्याची व्हॅनही पाण्यावरून चालत नाही. त्या वेळात तुमचा वॉचमन, तुमचे चार तरणे मुलगे आणि चाळीतली मंडळी हेच तुमचं पथक.

वॉचमनबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण त्याचा विचार कुणी करत नाही. त्याची केबिन तळमजल्यावर, बहुतेक ठिकाणी मीटर रूम आणि पंपाच्या शेजारी. पाणी शिरलं की तो पहिला भिजतो, आणि पंप बंद करायला तोच पाण्यात उतरतो. विजेचा धक्का बसून वॉचमन गेल्याचे पंचनामे मी केले आहेत. त्याला गमबूट, शिट्टी, चार्ज केलेला टॉर्च आणि पॉवर बँक द्या. मेन स्विच कुठे आहे आणि पाणी पावलाला लागायच्या आधी तो बंद करायचा, हे त्याला प्रत्यक्ष करून दाखवा. पाणी आधीच मीटर रूममध्ये शिरलं असेल तर कुणीही आत पाऊल टाकायचं नाही, वीज कंपनीला फोन करून बाहेरूनच पुरवठा तोडायला सांगायचं. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद ठेवायची. आणि तो उत्तर प्रदेशातून किंवा बिहारमधून आलेला असो की कोकणातून, त्याच्या घरच्यांचा फोन नंबर सोसायटीकडे हवा.

रस्त्यावरचं पाणी आणि गाड्या. अंधेरी, मालाड, मिलन, खार या सबवेंमध्ये पाणी भरलं की वाहतूक पोलीस बॅरिकेड लावतात. तिथे उभ्या शिपायाशी लोक हुज्जत घालतात: "माझी गाडी उंच आहे, मी जाईन." सबवेतलं पाणी वरून शांत दिसतं, कचरा तरंगत असतो, दिव्याचा उजेड पडलेला असतो. मध्ये ते किती खोल आहे हे काठावरून कळत नाही. २ जुलै २०१९ ला मालाड सबवेत एका उंच गाडीतले दोघे आत अडकून गेले. वायरिंगमध्ये पाणी शिरलं की काचा खाली होत नाहीत, बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार उघडत नाही. फूट-दीड फूट वाहत्या पाण्यात लहान गाडीची पकड सुटू लागते. अडकलातच तर दार उघडत बसू नका, लगेच बाजूची काच उतरवा. ती अडली तर हेडरेस्ट काढून त्याच्या दांड्याने बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात मारा. पुढची काच फुटत नाही, तिच्यावर वेळ घालवू नका. आणि बॅरिकेड दिसलं की वळा. तो शिपाई सहा तास पाण्यात उभा आहे तो तुम्हाला त्रास द्यायला नाही.

पाणी निचरावं म्हणून रस्त्यावरचं मॅनहोल उघडू नका, हे मी कितीही वेळा सांगितलं तरी कमीच आहे. २९ ऑगस्ट २०१७ ला प्रभादेवीत एक नामवंत डॉक्टर घरी चालत निघाले होते, पाण्याखालचं उघडं मॅनहोल त्यांना दिसलं नाही. दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीला सापडला. चांगल्या हेतूने झाकण काढणारे लोक काम झाल्यावर घरी जातात, झाकण तसंच राहतं. १९१६ ला कळवा, तोवर तिथे माणूस उभा करा. साचलेल्या पाण्यातून चालावंच लागलं तर हातात काठी घेऊन, रस्त्याच्या मध्यभागाजवळून, पुढे चाचपत चाला.

अफवांचं सांगतो. २००५ च्या पुरानंतर दोनच दिवसांनी, २८ जुलैला, जुहूच्या नेहरूनगर वस्तीत कुणीतरी आवई उठवली की धरण फुटलंय, पाणी येतंय. पळापळीत पंधराहून जास्त माणसं चेंगरून गेली, त्यांत लहान मुलं होती. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं. आज तशी एक ऑडिओ क्लिप पाच मिनिटांत अख्ख्या कांदिवलीत फिरेल. सोसायटीच्या ग्रुपवर अलर्टच्या दिवशी फक्त एका माणसाने लिहायचं, बाकीच्यांना लिहिता येणार नाही अशी सेटिंग करा. त्या एका माणसाने हवामान खातं, पालिका किंवा ठाणं यांच्याकडून आलेलंच पुढे पाठवायचं, वेळ घालून. आपत्तीबद्दल खोटी घबराट पसरवणं हा आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणे गुन्हाही आहे.

पाणी ओसरल्यावर पोलिसांचं काम वेगळं होतं आणि तिथे लोकांची फार ओढाताण होते. घरातलं माणूस पुरात, विजेने किंवा भिंतीखाली गेलं तर पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात आणि शवविच्छेदन होतं. दुःखात लोक म्हणतात, चिरफाड नको, असंच द्या. मी हात जोडून सांगायचो: होऊ द्या. नैसर्गिक आपत्तीत गेलेल्यांच्या वारसांना सरकारकडून ४ लाख रुपयांची मदत मिळते, आणि मृत्यूचं कारण कागदावर नसेल तर ती फाइल तहसील कार्यालयात अडते. घरात पाणी शिरलं असेल तर आवरायच्या आधी फोटो काढा, भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असे. हरवलेल्या कागदपत्रांची तक्रार मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर ऑनलाइन करता येते. पाण्यात बुडलेली गाडी चालू करून बघू नका, इंजिनात पाणी गेलेलं असतं आणि विमा कंपनी नेमकं तेच विचारते. पुराच्या पाण्यातून चाललेल्या प्रत्येकाने, पायाला जखम असो वा नसो, लेप्टोच्या (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) प्रतिबंधक गोळ्यांसाठी पालिकेच्या दवाखान्यात जावं, एक-दोन दिवसांच्या आत. जमिनीखालची पाण्याची टाकी रिकामी करून धुवून क्लोरीन टाकेपर्यंत नळ बंद. त्याच आठवड्यात "आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा" असे मेसेज येऊ लागतात, लोक आधीच घाबरलेले असतात आणि फसतात. पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करा, पहिल्या तासात रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

राहिली ती तुमची संरक्षक भिंत. मी ती पाहिलेली नाही, पण तिच्याकडे काय बघायचं ते सांगतो. भिंतीतून पाणी झिरपायला जी भोकं ठेवलेली असतात ती माती-कचऱ्याने बुजलीत का? बुजली असतील तर मागे पाण्याचा दाब साठतो, आणि बहुतेक भिंती त्यानेच जातात. भिंतीला पोट आलंय का, नवी भेग दिसते का, वरचं झाड किंवा विजेचा खांब कललाय का, भोकांतून येणारं स्वच्छ पाणी अचानक गढूळ यायला लागलं का? शेवटची खूण दिसली तर रेड अलर्टची वाट बघू नका, दिवस असो की रात्र, भिंतीखालची घरं लगेच रिकामी करा.

भोकं मोकळी करून घ्यायचा आणि भिंत तपासून घ्यायचा अर्ज आजच लिहा. भिंत कुणाच्या जागेवर आहे यावरून म्हाडा, जिल्हाधिकारी आणि पालिका एकमेकांकडे बोट दाखवतील, म्हणून अर्ज तिघांच्याही नावाने करा: वॉर्डाचे सहायक आयुक्त, वांद्र्याचं उपनगर जिल्हाधिकारी कार्यालय आणि म्हाडा. चाळ कमिटीची सही तुमच्या सहीच्या शेजारी हवी. सोबत फोटो, आणि प्रत वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना. प्रत्येक ठिकाणी आवक शिक्का घेतलेली प्रत फाइलला लावा. ठाण्यात असा अर्ज आला की भिंतीची नोंद बीटच्या वहीत होते आणि अलर्टच्या संध्याकाळी हवालदाराचा पहिला फेरा तिथे पडतो. तीन आठवड्यांत कुणी तपासायला आलं नाही तर तोच अर्ज जुन्या शिक्क्याच्या झेरॉक्ससह पुन्हा द्या, आणि या वेळी चाळीतल्या दोघांना सोबत घेऊन वॉर्ड ऑफिसात स्वतः जा.